मापाचा दगड

पहाटे चारला जबड्यात दात अडकला.
विनोद नव्हे. खाणीतल्या यंत्राच्या बादलीचा दात,
मँगनीज पोलादाचा, म्हणून चुंबकाला न जुमानता
दगडांच्या गर्दीत पट्ट्यावर बसून वर आला
आणि क्रशरच्या घशात आडवा झाला.
रबर करपल्याचा वास. लाल दिवा.
मग ते, ज्याची इथे कुणालाच सवय नाही:
शांतता.

बॉल मिल तर अस्तरं बदलायला रविवारपासूनच बंद.
खाली स्टोनी मिडलटनच्या वळणावर
दुधाची गाडी गिअर बदलते, तेही ऐकू आलं.

नेव्हिल व्रॅगला नाही आलं.
एकतीस वर्षं त्या मिलशेजारी उभं राहून
त्याच्या कानांचा कोंडा झालाय.
पण यंत्राचं दुखणं त्याला कळतं.
स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवतो,
मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटतो.
"डावीकडचं. सोमवारपर्यंत जाईल."
सोमवारपर्यंतच जातं.

कुलपं लावली. ज्याचं त्याचं कुलूप, ज्याची त्याची किल्ली;
माझ्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका.
तो पहार घेऊन जबड्यात उतरला,
मी हातोडी घेऊन चाळणीवर चढले.

हिच्यावरून रोज डोंगर थयथयत जातो.
मोठा असतो तो उड्या मारत पुढे, पुन्हा भरडायला.
बारीक तो पहिल्याच हिसक्याला खाली,
त्याला काही प्रश्नच पडत नाही.
अडकतो तो, जो अगदी मापाचा.
भोक वीस मिलिमीटर, हा वीसाला केसभर जास्त.
ना वर, ना खाली.
गच्च बसतो आणि मागच्यांची वाट बुजवतो.

घरची चाळण उपडी करून आपटता येते.
ही साडेचार टनांची.
एकेक ठोकत गेले.

पहिल्या वर्षी नमुन्यांच्या थाळ्यांवर
खडूने लिहायचे: भरडा, जाडा रवा, बारीक रवा, पिठी.
लिनेटने मायक्रॉन लिहायला लावले. बरोबरच होतं तिचं.
पण नेव्हिलने एक शब्द उचलून ठेवला.
अजून वायरलेसवर त्याचा आवाज येतो,
"रावा जाड येतोय, डक,"
आणि कंट्रोल रूममधली नवी पोरं
त्याला यॉर्कशरचा शब्द समजतात.

सत्तराव्या की ऐंशीव्या दगडाशी हात थबकला.
चकती. मधोमध छिद्र, कडेला आटे,
कुणी लेथवर कातून काढल्यासारखे.
नेव्हिलला हाक मारून उपयोग नव्हता, टॉर्च हलवला.
तो वर आला, काखेत तो पोलादी दात,
वाकून बघितलं.
"स्क्रू," म्हणाला. "आजोबा तेच म्हणायचे.
समुद्रातलं फूल, म्हणजे जनावरच.
तेहतीस कोटी वर्षं, असं म्युझियमवाली बाई सांगायची."

तेहतीस कोटी.
आमच्याकडे हा हिशेब देवांचा.
इथे तासाला नव्वद टन.
किती फुलांची पिठी झाली असेल माझ्या पाळीत,
ती कोणत्या थाळीत, किती मायक्रॉनची,
लिहिलेलं आहे सगळं, माझ्याच अक्षरात.

हातोडी मारली. हलला नाही.
पुन्हा मारली, थोडी हळू.
खरं सांगायचं तर बरीच हळू.

कुलपं काढली. भोंगा. पट्टा.
आधी कुरकुर, मग गडगड, मग नेहमीचं ते
ज्याला आवाज म्हणायचंही कुणी कष्ट घेत नाही.
नेव्हिलने टोक चाळणीच्या चौकटीला लावलं,
डोळे मिटले, उघडले,
आणि आजवर कुणाला दिली नव्हती
ती मूठ माझ्या हातात दिली.

हाडातून डोंगर आला.
"काय ऐकलंस?" त्याचे ओठ.
एक दगड अडकलाय, मी माझ्या ओठांनी सांगितलं.

"एकच?"
म्हणाला, हसला,
आणि चहाला गेला.