संपर्क तुटला तर

ब्लायनाय फेस्टिनिओगला
पाटीच्या दगडाचे ढीग घरांवर वाकलेले.
एम्रिस म्हणाला, इथे दोन पॉइंट चार घेऊ नकोस,
ती लहर सरळमार्गी, ढिगाआड गेली की संपली.
आठशे अडुसष्ट घे. धिमी आहे, अँटेना वीतभर,
पण कडेकडेनं वळून येते,
माझ्या आईच्या हाकेसारखी.

मी स्वस्त तेच घेतलं. खोटं कशाला बोला.

तिसऱ्या फेरीत, जुन्या खाणीच्या तोंडाशी, लिंक गेली.
चष्म्यात चित्र चालूच:
ओला दगड, गंजलेले रूळ, एक मेंढी.
मला सगळं दिसत होतं,
त्याला माझं काही ऐकू जात नव्हतं.

अशा वेळी काय करायचं
ते आधीच सांगून ठेवावं लागतं.
एम्रिस त्याच्या ड्रोनला सांगतो, पड.
पडलेलं निदान सापडतं.
मी लिहिलं होतं, घरी ये.

घर म्हणजे त्याच्या लेखी
मोटरी सुरू झाल्या ती जागा,
म्हणजे आज चॅपलमागचा कार पार्क,
खडी, माझा थर्मास.

आलं.
मी तिथेच उभा होतो,
दोन्ही अंगठे काड्यांवर दाबून, उगाच.
एम्रिसनं चहा ओतला.
आठशे अडुसष्टचं नाव काढलं नाही.