शेरा

कुपवाडच्या कोल्ड स्टोरेजात, चार नंबर चेंबरच्या दाराशी
माझं टेबल. ऐन एप्रिलात अंगात स्वेटर.
भूपालशेठ म्हणाले, वही बंद. ॲप कर.
कोड लिहायचा नसतो यात,
नुसतं ओढायचं आणि सोडायचं.
मिरजेच्या क्लासात चार शनिवार हेच शिकले मी.

डावीकडून एक चौकट ओढली: मालकाचं नाव.
खाली गाव. त्याखाली लॉट नंबर, फक्त आकडे चालतील.
तारखेला इवलंसं कॅलेंडर,
त्यात रविवार तांबडा.
दस्तगीरचाचांनी चष्मा वर करून बघितलं,
"आवस कुठाय ह्यात?
आवसंला हमाल येत न्हाईत, ठावं हाय का ह्याला?"

रंगासाठी ड्रॉपडाऊन केला.
हिरवा, पिवळा, काळा.
चाचांनी मूठभर बेदाणे दाराबाहेर उन्हात नेले,
तळहातावर पसरले,
"ह्यो कशात बसवतीस?"
मी चौथा पर्याय टाकला, हिरवट पिवळा.
मग पाचवा.
अकराव्याला तेच म्हणाले,
"ऱ्हाऊ दे पोरी. यादी लांबंल तुझी,
बेदाणा काय बदलत न्हाई."

पावतीला टॉगल. दिली, नाही दिली.
गोल बटण या टोकाला नाहीतर त्या टोकाला,
मधे कुठं थांबतच नाही.
वहीत मात्र मधलं सगळं होतं,
'उद्या देतो म्हणालो',
'बसस्टँडवर दिली, सही घ्यायची राहिली'.

तीस वर्षांची वही. लाल कापडी पुठ्ठा,
शेवटचा रकाना सगळ्यात रुंद, त्याचं नाव शेरा.
जुना माल चढवताना रात्री वाचत बसले.
लॉट ४१२. देठ जास्त. यंदा पोरांनी निवडला, बाई आजारी.
लॉट ६७. गंधकाचा वास. तोंडावर सांगितले.
लॉट ९०. एक बॉक्स कमी. परत मोजला. चूक माझी.
लॉट २०३. मणेराजुरीचा, फार गोड.
दोन दाणे खाल्ले, लिहून ठेवतो.

शेठ म्हणाले, शेरा काढ.
त्याची बेरीज होत नाही, आलेख निघत नाही,
त्यावर फिल्टर काय लावणार?
खरं होतं त्यांचं.
मी काढला नाही, लपवला.
गुणधर्मांच्या यादीत एक ओळ असते, दिसावं की नाही.
तिथं नाही केलं.
चौकट जागच्या जागी,
पडद्यावर पांढरी मोकळी जागा.

पहिल्या दिवशी टॅब चाचांच्या हातात दिला.
खोकी उचलून झिजलेलं बोट,
पडद्याला ते कळेचना.
'जतन करा' बटणाची उंची चाळीस होती,
साठ केली, मग नव्वद, मग एकशेवीस.
अखेर दाबलं गेलं.
गोल चक्र फिरत राहिलं
आणि चाचा बोट तसंच टेकवून उभे.
"आता काढा ना," म्हटलं.
"काटा थांबंस्तवर हात काढायचा नसतोय."

मग त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाले,
"हितं काय हुतं?"

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता
ती चौकट परत दिसती केली.
एकाहून जास्त ओळींची.
अक्षरांची मर्यादा कोरी सोडली.
बाकी सगळ्यांना लावलेला तांबडा तारा
हिला लावला नाही,
सक्तीनं कोण शेरा लिहितं?

संध्याकाळी गाडी गेल्यावर
एकेक अक्षर शोधत त्यांनी पहिला भरला.
लॉट १. काटा बरोबर.
पोरगी थंडीत बसते, टेबल हलवणे.

भूपालशेठ रोज रात्री घरी अहवाल उघडतात.
लॉट, बॉक्स, रंग, एकूण.
म्हणतात, आता कसं सुटसुटीत.
दिसावं की नाही या ओळीत मी एक अट लिहिलीय,
छोटीशी. उघडणारा शेठ असेल
तर नाही.