ऐकणारं यंत्र

लक्ष्मीपुरीत, बाबालाल मुल्लाणीच्या दुकानात
काचेवर तीन यंत्रं मांडलेली.
"शिकारीला निघालाय का काय, ताई?"
"शिकाऱ्यांच्या मागं," मी म्हटलं.
त्यानं हसू आवरलं,
स्टुलावरचा फुटका रेडिओ उचलला
आणि मला बसायला जागा केली.

पहिलं देखणं. बोटानं सरकणारा नकाशा,
डोंगर असे उठलेले की हात फिरवावा.
मी बाटलीतल्या पाण्यात बोटं बुडवून
पडद्यावर टेकवली.
नकाशा उधळला, थेट अरबी समुद्रात.
"दाजीपुरात जून ते ऑक्टोबर
माझं एक बोट कोरडं नसतंय.
जळवेला मीठ लावू, का ह्याला पुसत बसू?"
बाबालालनं ते गुमान डब्यात घातलं.

दुसरं उपग्रहाशी बोलतं.
लाल बटण दाबून धरलं की
कुणीतरी, कुठंतरी, खुर्चीतनं उठतं.
त्याच्याकडं मी जास्त वेळ बघितलं.
"त्यात काही नाही," तो म्हणाला,
"नुसतं टरफल, दाखवायला ठेवलंय.
खऱ्याला दिल्लीचा परवाना लागतोय."
माहीत होतं. आमच्या साहेबांचा अर्ज
दोन पावसाळे गेलाय.

तिसरं बुटकं, जाड, पाच बटणांचं.
दोन पेन्सिल सेल,
राधानगरी स्टँडवर पानाच्या टपरीत मिळतात तसले.
"हे ऐकतंय फक्त," बाबालाल म्हणाला.
"आभाळातनं येईल ते ऐकतंय,
तुम्ही कुठं आहात ते तुम्हाला सांगतंय.
दुसऱ्या कुणाला न्हाई."

बमू झोरेचं हेच झालं होतं.
डुकरासाठी लावलेला क्लच वायरचा फासा,
त्यात घोट्यापर्यंत पाय, दोन रात्री.
कुठल्या ओढ्याच्या वर, कुठल्या अंजनीच्या बुडाशी,
किती हाकांवर धनगरवाडा,
सगळं त्याला पाठ.
हाका मारल्या. पाऊस मोठा होता.
"जागा ठाऊक होती की," सीपीआरच्या वॉर्डात म्हणाला,
"मला एकट्याला."

मी बुटकं घेतलं.
आत चिन्हांची यादी होती:
तंबू, मासा, खूर, मचाण,
आणि एक लाल थेंब.
बाबालालनं बारीक अक्षरांचं पुस्तक चष्म्याला लावलं.
"गोळी खाऊन पळालेलं जनावर.
त्याचं रक्त दिसंल तिथं हे टाकायचं."
कुठल्यातरी थंड मुलखात
शिकाऱ्यांसाठी घडवलेलं यंत्र.
माझा आजा हाकाऱ्यांत होता,
डबे बडवत जनावर बंदुकीपुढं न्यायचा,
संध्याकाळी मांसाचा वाटा धोतरात बांधून आणायचा.
त्याला हे फार आवडलं असतं.

दुकानाबाहेर, टेम्पो आणि उसाच्या रसाच्या गाड्याच्या मधे
मी हात वर करून उभी राहिलो.
लोक बघायला लागले.
चार मिनिटांनी त्याला आभाळ ऐकू आलं:
सोळा अंश, बेचाळीस मिनिटं.
कुठलं तरी बटण दाबलं गेलं
आणि पहिली जागा नोंदली: ००१.

तीन महिने झाले.
फासा सापडला की तोडतो, आणि थेंब टाकतो.
सत्तावीस झालेत.
नकाशा लांब नेला की माळ दिसते,
कुणीतरी मोठं, जखमी,
माझ्या बीटातनं पळत गेल्यासारखी.
००१ पुसलेलं नाही. धुक्यात कधी ते दाबतो,
बाण वळतो बाबालालकडं:
त्रेपन्न किलोमीटर, सरळ रेषेत.
सरळ रेष आमच्याकडं कुठं हाय?

निघताना बमूला सांगतो,
कुठली वाट, किती वाजेस्तोवर.
तो चुलीमागच्या भिंतीवर कोळशाची रेघ ओढतो.
परत आलो की अंगठ्यानं पुसतो.
काल उशीर झाला.
यंत्र खिशात, सगळं ऐकत,
आणि वाड्याच्या खाली, कुडाच्या पुढं,
तसल्या पायानं
बॅटरी घेऊन तो निघालेला.