निधान

खानापूरच्या स्टँडमागं माझा स्टुडिओ,
वर पत्रा, आत मोजून दोन खुर्च्या.
परवा रेणुका चौगुले आली, नंदगडच्या पुढनं.
पिशवीतनं टॉवेल काढला, टॉवेलातनं डीव्हीडी.
"दिसंना गा. निळंच येतंय नुसतं."

उजेडाकडं धरली.
काठापासनं आत, वाळवी फिरल्यागत
चांदी सुटलेली,
आणि चांदीच्या जागी भिंतीवरचं माझंच कॅलेंडर
आरपार दिसत होतं.

दोन हजार सहाचं लग्न.
शंभराच्या गठ्ठ्यातल्या त्या बिननावाच्या चकत्या
मीच आणलेल्या,
नगामागं चार रुपये वाचवून.
त्या चार रुपयांचं काय केलं आठवत नाही.
चहाच प्यालो असेन.

तिनं विचारलं नव्हतं, तरी मी म्हणालो,
हवा दमट की आमची.
ती म्हणाली, "मल्हारी हाय त्यात. नाचताना.
दुसरीकडं कुठंच न्हाई."
भाऊ तिचा.
मग हवेबद्दल मी काही बोललो नाही.

टेप सापडली. माळ्यावर, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात.

बेळगावला गेलो, खडेबाजारात.
इराप्पा हुक्केरीच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं टांगलेली.
"कोण घेतंय री आता हे," म्हणत तो खाली वाकला,
आणि दोन डबे वर आणले.
नाव एकच. हिरवं वेष्टणही तेच.
"नाव बघू नका. नाव भाड्यानं मिळतंय.
आतल्या कड्याचा नंबर बघा."

चष्मा कपाळावर सारून बघितला.
भोकाभोवती, मुंगीच्या पावलाएवढी अक्षरं,
या डब्यात वेगळी, त्या डब्यात वेगळी.
आडनाव एक, गावं दोन.
आमच्याकडं ते काही नवं नाही.

एक चकती बल्बसमोर धरली.
जांभळा रंग कडेपर्यंत सारखा गेलाय का,
सुईएवढं कुठं छिद्र,
काठाचा सांधा नखाला लागतोय का.
कासार बांगडी बोटावर वाजवून बघतो,
तितका वेळ इराप्पानं मला दिला.

"पन्नास नेऊ नका. पाच न्या.
एक जाळून बघा, मग या.
आणि सोळाच्या वेगानं नको, चारनं.
निधान, री. निधान."

कानडीत निधान म्हणजे सावकाश.
मराठीत निधान म्हणजे पुरून ठेवलेलं धन.
तीस वर्षं दोन्ही भाषांत उधारी मागतोय मी,
पण दोन्ही अर्थ एकदम कानात पडले
ते त्या काउंटरवर.

रात्री शेजारच्या छापखान्यातनं बॅटरी आणली,
लाईटचा भरवसा नाही म्हणून.
पहिली बासष्ट टक्क्यांवर अडकली.
ती सकाळी कोंडिबाच्या भाताला दिली,
पाखरं राखायला.
दुसरी झाली. तिसरीही.
एक तिची, एक माझ्या कपाटात,
उभी, अंधारात, उदबत्तीपासनं लांब.
वर कागद चिकटवायचा नाही,
बॉलपेननं लिहायचं नाही,
फक्त मधल्या पारदर्शक कड्यावर, हलक्या हातानं.
मराठीत लिहू की कानडीत, नवरा तिचा तिकडचा,
जागा तर बोटभर.
शेवटी तारीख लिहिली, इंग्रजी आकड्यांत.

मशीन म्हणालं, सगळं जुळतंय.
मशीनचं काय, ते मागच्या वेळीही म्हणालं होतं.
म्हणून बसलो, सगळं बघत.
अक्षता, पंगत, नाच, मल्हारी घामाघूम,
वरात निघाली, मांडव रिकामा.
पुढची अकरा मिनिटं तेव्हा मी कापली होती.
मी जेवायला गेलेलो,
कॅमेरा स्टुलावर तसाच.

मल्हारी खुर्च्या गोळा करतोय.
चारावर चार.
एकीचा पाय डुगडुगतोय, ती बाजूला ठेवतो,
जरा विचार करतो, तिच्यावरच बसून बघतो.
मग लाल दिवा त्याला दिसतो.
जवळ येतो, वाकतो,
अख्खा पडदा त्याचं तोंड.

"चालूच ऱ्हायलंय की हे," म्हणतो.
आणि बंद न करता जातो.