डाग

उद्यमनगरात, तेरा नंबरच्या गाळ्यात
आम्ही अख्खं यंत्र कधीच बनवत नाही.
बोटाएवढी पट्टी, तिच्यावर अकरा टाके.
पुढं ती कुठल्या डब्यात बसते, कुणास ठाऊक.

पुण्याहून पत्र आलंय:
मालात शिसं आहे का, सही करून कळवा.
भूपालशेठ म्हणाले, "नियम यंत्राला हाय.
आपला सुटा माल. सुट्याला कसला नियम?
लिव, लागू नाही."
आणि चहाला गेले.

लिहिलं. सही होईना.

आप्पा हुपरीत पैंजणं जोडायचे.
जुनं गिऱ्हाईक अख्ख्या जोडाचा टंच विचारायचं नाही,
कानस लावायचं ती नेमकी जोडावर.
"चांदी खरी असंल ओ,
डाग कशाचा दिलाय?"

कायदाही त्याच गिऱ्हाइकासारखा निघाला.
नाव घेतो यंत्राचं
आणि मोजतो एकेक टाका,
तिळाएवढ्या थेंबात, हजारात एक भाग.

समोर जैतून तारेचं रीळ बदलतेय.
साठ-चाळीस. चाळीस ते शिसं.
धूर फुंकरीनं बाजूला सारते
आणि त्याच बोटांनी डब्यातली भाकरी मोडते.
ती कुठल्या यंत्राचा भाग,
पत्रात तसा रकाना नाही.

'लागू' तसंच ठेवलं,
'नाही' तेवढं खोडलं.
खाली लिहिलं: आहे. हजारात चारशे.

शेठ यायच्या आत सही केली,
आणि ओरडले,
"जैतून, थांब गं. आधी हात धू.
साबणानं."