उलटा मोर

अशोक चौकातल्या रद्दीत सापडलं ते चित्र:
घोड्यावरचा कुणी सरदार, मागे जहाजं,
आणि वाळवीनं कडेनं खाल्लेला समुद्र.
नान्नांनी भिंग लावलं, हसायलाच लागले.
"चोरीचा माल हाय की गं हा.
तलवार बघ. डाव्या हातात."

छापलेलं चित्र समोर ठेवून
दिसतं तसंच पत्र्यावर कोरलं
की कागदावर ते उलटं उतरतं.
"फिरवून कोरायला वेळ लागतो.
चोराला घाई असते."

खाली बारीक अक्षरांत दोन नावं.
ग्रंथपाल म्हमाणे सरांनी लावून दिली:
लॅटिन आहे. यानं कोरलं. यानं विकलं.
अँटवर्प, साडेतीनशे वर्षांपूर्वी.
विकणाऱ्याच्या दुकानाचा पत्तासुद्धा शाबूत,
कोरणाऱ्याचं आडनाव वाळवीनं नेलेलं.
नान्ना म्हणाले, "मग बरोबर आहे."

चाळीस वर्षं त्यांनी चादरींची लेबलं कोरली,
आधी तांब्यावर, मग जस्तावर.
हत्ती छाप, जोडकैरी, रेल्वे इंजिन,
आणि तो मोर, ज्याच्या जिवावर
साखर पेठेतल्या शेठनं माडी चढवली.
लेबलावर शेठ, शेठचे वडील,
"नक्कल करणाऱ्यावर खटला भरला जाईल".
(ही ओळ मी तपासलेली, आठ वर्षांची असताना.
मी बाराखडी आधी उलटीच शिकले.)
राजेशम गुंडेटी कुठंच नाही.

मग त्यांनी खणातून एक लेबल काढलं,
गड्ड्याच्या जत्रेत घेतलेल्या चादरीचं, गाव न छापलेलं.
मोर तोच.
तोंड दुसरीकडे.

"शेठला दाखवलं नाही?"
"कशाला."
त्यांनी नख टेकवलं तिसऱ्या पिसाच्या डोळ्यावर.
गोल, वर इवलासा तुरा:
तेलुगू र.
त्यांचा र, शेठलाही कधी न दिसलेला.
चोराला ते पीसच वाटलं.
त्यानं तो एकही वळण न चुकवता
उलटा कोरला होता.

रात्री लाइट गेली होती.
मेणबत्ती धरून नान्ना आरशासमोर उभे,
सरदाराची तलवार उजव्या हातात आलेली,
आणि ते घोड्याच्या आयाळीत
बराच वेळ काहीतरी शोधत होते.