उगवण

तळहातावर घेतली तेव्हाच कळलं.
जालन्यात लोखंडाच्या दुकानांमधून वाढलेला हात,
त्याला कशाचं वजन किती असावं ते ठाऊक असतं.
हिचं वजन एका कोपऱ्यात बसलेलं,
डावीकडं कलती,
खिशात दगड घेऊन काट्यावर चढलेल्या पोरासारखी.

शकील बागवान म्हणाला, सोळा टीबी,
चौदाशे नव्व्याण्णव. घरपोच.
मी म्हणालो, एवढ्यात तर नुसता डबा येतो, केबल अन् वर पावती.
तो म्हणाला, पाच चांदण्या होत्या हो,
तीन हजार माणसांनी दिलेल्या.

मी वाचून पाहिलं.
पॅकिंग छान. वेळेत आली. रंग आवडला.
मेहुण्याला भेट दिली, मेहुणा खूश.
सगळं पहिल्याच दिवशी लिहिलेलं.
भरून झाल्यावर कुणी काही लिहिलं नव्हतं.

जोडली. काँप्युटर म्हणाला, सोळा.
तो बिचारा तेच म्हणणार,
ती सांगेल तेवढंच त्याला माहीत.
आत फोल्डर जिथल्या तिथं:
अंबड, घनसावंगी, परतूर,
नवरा-नवरीची नावं, हळद वेगळी, लग्न वेगळं,
प्रत्येकापुढं भरगच्च आकडा.
एक उघडून बघितलं. उघडंना.
दुसऱ्यात हिरवा पट्टा, मग काळं.
चौसष्ट जीबीपर्यंत माणसं होती,
पुढं नुसती नावं.

मूळ कार्डं?
पुसली, म्हणाला. लग्नसराई होती,
रोज कार्डं लागायची.
परतूरवाल्यांनी तीनपैकी दोन हप्ते दिलेत.

स्क्रू नव्हतेच. नखानं झाकण निघालं.
आत बोटाच्या पेराएवढं कार्ड,
गोंदाच्या लाळेत अडकलेलं,
अन् वजनाला दोन नट.
ज्या गावातून ट्रकच्या ट्रक सळया जातात
त्या गावाला कुणीतरी
कुरिअरनं दोन नट पाठवले होते.
शकील हसला.
मग हसायचा थांबला.

माझा बाप बियाणाच्या कंपनीत, मोजणीवर.
पिशवीवरचं चित्र त्यानं कधी बघितलं नाही.
ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळायचा,
आठव्या दिवशी उलगडून मोजायचा.
त्र्याऐंशी म्हणजे त्र्याऐंशी.
धोंडिरामराव, नव्वद लिहून टाका, साहेब म्हणायचे.
मला काय विचारता, तो म्हणायचा,
दाण्याला विचारा.

तेच शकीलला सांगितलं.
स्वस्त घे, महाग घे, कुठूनही घे,
पण आधी काठोकाठ भर, फालतू काहीतरी भर,
मग दिलेलं सगळं परत माग.
परत देईल तेवढीच ती.
दोन दिवस लागतात. लागू दे.

अन् तुमच्याकडची?
शकील माझ्या कपाटाकडं बघत होता.

कपाटात सहा. दिल्लीहून आलेल्या.
स्टिकर नवं, भाव बरा,
चालू तास: शून्य.
एकीच्या कडेच्या स्क्रूवर
पेचकस फिरल्याची चकाकी
मी आल्या दिवशीच पाहिली होती.
कुठंतरी कॅमेऱ्यांच्या खोलीत चार वर्षं
रात्रंदिवस फिरली असेल,
अन् मग कोरी होऊन माझ्याकडं.
आठ आल्या होत्या.
दोन गेल्या, मंठ्याच्या क्लासवाल्याकडं.

बाहेर भोकरदन नाक्याकडं सळयांचा ट्रक वळत होता,
मागं टोकाला लाल फडकं बांधलेलं.
तो पुरता वळेपर्यंत
बोलून काही ऐकू गेलं नसतं.

मग तीच काढली, चकाकीवाली.
स्क्रू त्याला दाखवला.
शून्य खोटं आहे, म्हणालो,
बाकीचं तिलाच विचारू. बस, चहा सांगतो.

पट्टी सरकायला लागली, एक टक्का.
शकीलनं चपला काढल्या
अन् पाय खुर्चीवर घेतले.